भोवऱ्याचा हं

माझं लग्न एका बाईशी झालं आणि घरात राहायला आला दहा वर्षांचा पोरगा. गमतीत सांगत नाहीये. अठ्ठावीस वर्षं काढलीयत मी त्याच्याबरोबर.

आमची ही आवाज देते. म्हणजे पडद्यावर कुणीतरी ओठ हलवतं आणि बोलते ही. बाहेरच्या देशातून कार्टून यायची, त्यातली माणसं, मांजरं, राक्षस सगळ्यांना आपल्या भाषेत बोलतं करायचं, हे हिचं काम. त्यातलाच एक भोवरा. गोल डोकं, गळ्यात चौकड्यांचा मफलर, स्वतःभोवती गिरकी घेतली की हवेत उडणारा आणि दर भागात जग वाचवणारा दहा वर्षांचा मुलगा. हाताला चारच बोटं. पाचवं कुठे गेलं, असं मी हिला एकदा विचारलं होतं. ‘हजारो चित्रं काढायची असतात हो, एकेक बोट वाचलं तरी बरं,’ असं ही म्हणाली. मला ते पटलं. मी पण खुर्चीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, टाका लांब घालतो.

मी गादीवाला. सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा. उसवलेलं शिवायचं, बसलेलं भरायचं. पुढे दुकान, मागे घर. घरातून बाहेर पडायचं तर दुकानातूनच जावं लागतं, माझ्या कात्री-खिळ्यांमधून वाट काढत. आमची ओळखही धंद्यातूनच झाली. स्टुडिओच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून भिंतींना आतून फोम आणि कापड लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी खिळे ठोकत होतो. एक मुलगी दारात येऊन म्हणाली, ‘अहो गादीवाले, तुमचं ठोकणं कधी संपणार? मला रडायचंय.’ एका सशाचं रडणं राहिलं होतं तिचं. मी हातोडी खाली ठेवली आणि ती इतकं छान रडली की मला ठोकत कुठवर आलो होतो तेच आठवेना. पुढचं तुम्ही समजून घ्या.

आता त्या हंची गोष्ट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलंय.

आमची लेक तेव्हा तीन वर्षांची. ही कामाला निघाली की पोरगी दाराला लटकायची, भोकाड पसरायची. मग ही उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, ‘आलेच हं.’ हा हं आपण सगळेच लावतो. लहान मुलाला काही सांगितलं की शेवटी लावतो. तसा अर्थ काही नाही त्याला. सांगितलंय ते खरं आहे, रडू नकोस, एवढंच. पोरगी त्या हंवर गप्प व्हायची आणि मग तीन तास माझं डोकं खायची.

भोवऱ्याच्या पहिल्या भागाच्या दिवशी हीच तालीम दारात झाली आणि ही तशीच धावत स्टुडिओत पोचली. त्या काळी एका माइकभोवती सहा जण उभे राहायचे, समोर चित्र चालायचं आणि एकानं घोळ घातला की सहाही जणांना पहिल्यापासून. पहिलाच प्रसंग असा, की एका म्हातारीचं छप्पर कोसळतंय, ती हाक मारते, आणि भोवरा म्हणतो, ‘आलोच’. मग तोंड मिटतो, एकदा मान हलवतो आणि गिरकी घेऊन उडतो. चित्र सुरू झालं, म्हातारीनं हाक मारली आणि आमची ही म्हणाली, ‘आलेच हं.’

जग वाचवायला निघालेला मुलगा म्हणतोय आलेच. खोलीतले सगळे हसून हसून जमिनीवर बसले. ही लाजेनं लाल. मग दुसऱ्यांदा सुरू केलं. आता सगळ्यांचे कान फक्त त्या ‘लो’वर लागलेले. बाई लो म्हणते की ले म्हणते. ही म्हणाली, ‘आलोच हं.’ लो बरोबर आला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढे गेले. मागे आलेला हं कुणाच्या कानातच शिरला नाही. संध्याकाळी सगळं जोडून ऐकलं तेव्हा सापडला. तेव्हाचे दिग्दर्शक म्हातारे होते, दमलेले होते. म्हणाले, ‘तोंड मिटल्यावर मान हलते ना, त्या मानेवर बरोबर बसलाय. राहू द्या.’

तीन महिन्यांत शाळाशाळांत तेच. बाईंनी फळ्याशी बोलावलं की आलोच हं. आईनं जेवायला हाक मारली की आलोच हं. मला तर काही कळायचं नाही. समोर डोंगराएवढा राक्षस उभा, आणि हा गडी आलोच हं म्हणतो, कोपऱ्यावरून पाव आणायला निघाल्यासारखा. पण मुलांना तेच आवडलं. नऊ वर्षं चालला तो भोवरा, आणि नंतर पुन्हा पुन्हा दाखवत राहिले ते वेगळंच.

आणि घरात काय झालं म्हणाल, तर लेकीला साधा ‘आलेच हं’ चालेना. ‘भोवऱ्यासारखं म्हण,’ असा हट्ट. मग ही दारात उभी राहून त्या पोराच्या आवाजात म्हणायची, ‘आलोच हं.’ लेक मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी संसाराला लागली. सवय मात्र इथेच राहिली. भाजीला निघाली, आलोच हं. दाताच्या डॉक्टरकडे निघाली, गाल सुजलेला, तरी आलोच हं. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, ‘मुलगा का तुमचा?’ मी म्हणायचो, ‘नाही, बायको.’ त्यानंतर गिऱ्हाईक कापडाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायचं. एकदा मी वैतागून म्हटलंसुद्धा, ‘अगं, एक दिवस तरी बाईमाणसासारखी बाहेर जा.’ तर वळून म्हणते, ‘आलोच हं.’ मी कधी उत्तरच दिलं नाही त्या पोराला. कशाला लाडावून ठेवायचं?

पहिला भोवरा संपला, मग दुसरा आला. तो उंच, चिडका. तिसरा सगळा लोखंडी. चौथी तर मुलगी, दोन वेण्या घातलेली. पाचवा हल्लीचा, कॉम्प्युटरवर केलेला, त्याचा एकेक केस वेगळा दिसतो आणि बोटं पाच. त्यांना आवाज देणारी माणसं वेगळी. आमच्या हिच्या वाट्याला आया आल्या, आज्या आल्या, साबणाच्या जाहिराती आल्या. कुठल्याशा ऑफिसच्या लिफ्टमध्ये ‘तिसरा मजला’ म्हणणारी बाईही हीच. एकदा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत तीनदा वरखाली केलं, मग पहारेकऱ्यानं विचारलं, कोण पाहिजे.

मागच्या वर्षी हिचा आवाज फाटायला लागला. दोन वाक्यं बोलली की खर्र. डॉक्टरीणबाईंनी घशात बारीक नळी घालून बघितलं आणि म्हणाल्या, आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे. साधी आहे, घाबरू नका, पण काढायला हवी. काढली. त्यानंतर तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.

घरात पाटी नव्हती. ही माझ्या कापडावर खुणा करायच्या खडूनं काळ्या रेक्झिनच्या तुकड्यांवर लिहायची. ‘चहा.’ ‘मीठ जास्त झालंय.’ ‘पंखा बंद.’ बोलायची बंदी हिला, आणि दिवसातून दहा वेळा तुकडा वर धरून दाखवायची मला, ‘गप्प बसा.’ मी चिडायचो, ती तो तुकडा पुसून पुन्हा तेच लिहायची.

पहिल्यांदा ती एकटी बाहेर पडली तेव्हा मी एका आरामखुर्चीचं बूड शिवत होतो. ती मागून आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, गेली. दार नुसतं लागलं. मी सुई ओढली, पुढचा टाका घातला, आणि मग लक्षात आलं की मी कशाची तरी वाट बघतोय. अठ्ठावीस वर्षं ज्याचा वैताग केला तेच. मला फार वाईट वाटलं. उगाच खोटं कशाला सांगू.

त्याच मौनात एक दिवस स्टुडिओतून फोन आला. मी उचलला. पलीकडे एक तरुण बाई, आवाज गोड. भोवऱ्याला सुरू होऊन इतकी वर्षं झाली म्हणून मोठा सिनेमा काढलाय, म्हणाली. नाव ‘सगळे भोवरे’. पाचही मालिकांमधली जगं एकमेकांत कोसळतात आणि पाचही भोवरे पहिल्यांदाच एकमेकांना भेटतात, मिळून लढतात. ‘पहिला भोवरा आपल्याकडे बाईंचाच आहे. त्या करतील ना? सात आठवड्यांनी रेकॉर्डिंग आहे. त्या बोलतील का जरा?’

ही समोर उभी. कान फोनला लावलेला. मी म्हटलं, ‘आंघोळीला गेलीये.’ सकाळचे अकरा वाजलेले आणि ही भाजी चिरता चिरता उठून आली होती. ‘घसा वगैरे बरा आहे ना त्यांचा?’ त्या बाईनं विचारलं. हिनं रेक्झिनचा तुकडा माझ्या नाकासमोर धरला. ‘हो म्हणा.’ मी म्हटलं, ‘एकदम ठणठणीत.’

फोन ठेवल्यावर मी चिडलो. म्हटलं, उद्या आवाज आलाच नाही तर? हिनं मोठा तुकडा घेतला आणि बराच वेळ लिहीत बसली. ‘मला हे पाहिजे. नाही जमलं तर हल्लीचा भोवरा करणारी मुलगी तोही करेल. मला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकवणार नाही. आजवर मी काही मागितलंय का?’ मी आठवून बघितलं. एकदा एक पंखा मागितला होता, बस.

तीन आठवडे संपले. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिला: ग्लासात पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि नळीतून फुंकत फुंकत सूर धरायचा. घरभर दिवसभर बुडबुड बुडबुड. मी म्हटलं, गादीवाल्याच्या घरात मासे पाळलेत असं वाटतंय. ही हसली, आणि ते हसणंच पहिल्यांदा ऐकू आलं, खाली कुठेतरी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आल्यासारखं. आवाज आला होता. पण तो खालीच बसला होता.

आई यायची, आजी यायची, लिफ्टमधली बाईसुद्धा थोडी दमून का होईना पण यायची. भोवरा येईना. स्वयंपाकघरात दार लावून ती त्याला बोलवायची आणि मी इकडे सुई हातात धरून ऐकायचो. ‘आलो’पर्यंत चढायची आणि तिथेच फाटायची. कधी फाटायची नाही, तर दहा वर्षांच्या मुलाऐवजी कुणीतरी पन्नाशीचा कारकून यायचा, सर्दी झालेला. एकदा मी ते तसंच बोलून दाखवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि या वेळी डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

दारातून जाताना ती अजूनही गप्पच जायची. मी विचारलं, ‘आता बोलायला परवानगी आहे ना? मग?’ म्हणाली, ‘तो आला की म्हणीन.’

पाच आठवडे असे गेले. तो आला नाही, तारीख आली. मी म्हटलं, मी येतो बरोबर. म्हणाली, ‘कशाला?’ मी हत्यारांची पिशवी उचलली आणि म्हटलं, ‘भिंतीचं कापड सुटलं असेल.’

खरंच सुटलं होतं. माइकच्या मागचा कोपरा, खालून दुसरा खिळा. माझंच काम, माझंच कापड, आता रंग उडालेला. त्या सबंध खोलीत मला आधी तेवढंच दिसलं. बाकी बरंच बदललं होतं. आता सहा जण उभे राहत नाहीत, एकेकटा येतो, आपलं बोलतो, जातो. काचेपलीकडे मात्र जुनाच रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे चूपराव म्हणतात, कारण बटण दाबायच्या आधी तो माइकवरून ‘चूप’ म्हणतो आणि मगच काम सुरू होतं. आमच्या लग्नाच्या फोटोच्या वेळीही म्हणाला होता. त्याच्या शेजारी ती फोनवाली दिग्दर्शिका, माझ्या लेकीच्या वयाची. आणि सोफ्यावर बसलेली हल्लीच्या भोवऱ्याचा आवाज असलेली मुलगी. तिला तिथे सगळे नवी म्हणतात. ती उठून हिला म्हणाली, ‘मी तुम्हाला ऐकत मोठी झाले.’ ही म्हणाली, ‘म्हणजे मी म्हातारी झाले, असं सरळ म्हण की.’ नवी इतकी घाबरली की मलाच दया आली.

ही माइकपाशी थांबली, मी काचेपलीकडे चूपरावाच्या खोलीत जाऊन बसलो. प्रसंग दाखवला. जगाला मोठं भोक पडलंय आणि सगळ्यात लहान भोवरा, तो कॉम्प्युटरवाला, पलीकडे अडकलाय. हाक मारतोय. चिडका, लोखंडी, वेण्यावाली तिघंही जागच्या जागी थिजलेली. मग पहिला पुढे येतो, तोच तो, गोल डोकं, चार बोटं, चौकड्यांचा मफलर. इतक्या चकचकीत पडद्यावर तो अगदी साधा दिसत होता. त्याला एकच शब्द होता. हिच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं, ‘आलोच’.

‘चूप,’ चूपराव म्हणाला.

पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा तो सर्दीवाला कारकून आला. दिग्दर्शिका दर वेळी बटण दाबून म्हणायची, ‘छान, अजून एकदा घेऊ या.’ हे छान मला चांगलं माहीत आहे. लाकूड आतून पोखरलेला सोफा गिऱ्हाईक घेऊन येतं, वडिलांची आठवण आहे म्हणतं, तेव्हा मीही आधी छान म्हणतो. अकरा वेळा झालं. चूपराव मान खाली घालून त्याच्या बटणांकडे बघत होता. त्याला पहिल्याच शब्दाला कळलं असणार.

‘बाई, आज घसा बसलाय का?’ दिग्दर्शिकेनं विचारलं.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘बसला नाहीये, ऑपरेशन झालंय. खोटं मी बोललो होतो, तिनं नाही. तिला बोलता येत नव्हतं तेव्हा.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. काचेपलीकडे हिनं कानावरचे हेडफोन काढले, माइकवर नीट अडकवले आणि बाहेर आली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण ती नवीपाशी गेली.

‘जा, तू कर,’ ती म्हणाली.

‘नाही हो. मी थांबते. तुमचा आवाज येईल अजून महिन्याभरात.’

‘नाही यायचा. मी पाच आठवडे रोज बोलावलंय त्याला. मी हट्ट धरून बसले तर तो पोरगा सिनेमात मुका उभा राहील. ते मला बघवणार नाही.’

हे ती साध्या आवाजात म्हणाली, त्या खालच्या. मला रडू आलं. आलं तर आलं. मी काचेतून माइकमागचं सुटलेलं कापड बघत उभा राहिलो.

नवी आत गेली. चूप म्हटलं गेलं. दोनदाच घेतलं आणि दुसऱ्या वेळी जो आला तो अगदी भोवरा होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा, आमच्या दारातला. तो लो कुठेही ताणला नव्हता. मी हिच्याकडे बघितलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. दिग्दर्शिका म्हणाली, ‘झालं. हेच ठेवू.’

‘थांबा,’ ही म्हणाली. ‘मान.’

‘कसली मान?’

‘त्याची. तोंड मिटल्यावर एकदा हलली. ती रिकामी जातेय.’

चूपरावानं चित्र मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच हलली. चित्र काढणाऱ्यांनी जुन्याचं सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं, चार बोटं ठेवली तशी ती मानही. दिग्दर्शिकेनं कागद बघितला. म्हणाली, ‘हं होता ना इथे पूर्वी. ओठ हलत नाहीत म्हणून लिहिणाऱ्यानं काढून टाकला असेल.’ मग नवीला म्हणाली, ‘एक हं दे गं.’

आता तुम्हीच म्हणून बघा. नुसता हं. नवीनं पहिला दिला तो विचारल्यासारखा झाला, हं? म्हणजे भोवऱ्याला ऐकूच आलं नाही. दुसरा दिला तो दम दिल्यासारखा. तिसरा असा, की फोनवर कुणाचं तरी लांबलेलं बोलणं कंटाळून ऐकतेय. चौथ्याला ती स्वतःच हसली. गुणी पोरगी, पण तिला अजून कुणाला दारात रडत ठेवून कामावर जावं लागलेलं नाही.

चूपराव इतक्या वेळानं बोलला. ‘बाई, तुम्हीच या आत.’

‘अहो, ऐकलंत ना माझा आवाज.’

‘हंला कुठे आवाज लागतो? तोंड तर मिटलेलं आहे.’

ही आत गेली. हेडफोन घातले. चित्र सुरू झालं, लहान भोवऱ्यानं हाक मारली, नवीच्या आवाजात पहिला म्हणाला आलोच, आणि तोंड मिटलं. ही पडद्याकडे बघतच नव्हती. खाली बघत होती, कमरेच्या खाली, तीन वर्षांचं मूल उभं असतं तेवढ्या उंचीवर. तिथे बघून तिनं हं म्हटलं.

मान बरोबर त्याच्यावर हलली. पुन्हा घ्यायला कुणी सांगितलं नाही. चूपराव त्या वेळी चूप म्हणायलाच विसरला होता, हे त्याला नंतर आठवलं.

परतीच्या बसमध्ये ही खिडकीतून बाहेर बघत बसली. मी विचारलं, ‘वाईट वाटतंय?’ म्हणाली, ‘हो.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘पण चांगली आहे हो मुलगी.’ मग तिनं विचारलं, ‘कापड ठोकलंत का?’ मी म्हटलं, ‘ठोकलं.’ एवढंच बोलणं झालं.

सिनेमा लागला तेव्हा लेक मुद्दाम आली. दुपारच्या खेळाला गेलो. मला वाटलं होतं, पोराटोरांचा गोंधळ असेल. पोरं होती, पण त्यांच्यापेक्षा त्यांचे आईबाप जास्त होते, टक्कल पडायला लागलेले, पोट सुटलेले. तो प्रसंग आला. सगळं थिएटर शांत. पहिला भोवरा पुढे आला आणि म्हणाला, आलोच. तोंड मिटलं. आणि त्या मानेवर शे-दोनशे मोठी माणसं अंधारात तोंड मिटून एकदम म्हणाली, हं. पडद्यावरचा हिचा हं त्यात बुडून गेला. मला ऐकूही आला नाही. मी चिडून शेजारच्याला गप्प करणार होतो, तर बघतो, ही तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

लेकीनं तिचा हात धरला होता. हळूच म्हणाली, ‘आई, तू आलोच हं म्हणायचीस आणि तीन तास यायची नाहीस.’

‘पण यायचे ना?’ ही म्हणाली.

शेवटी नावं यायला लागली. लोक उठले, आम्ही बसून राहिलो, कारण चूपरावानं निरोप दिला होता की शेवटपर्यंत बसा. पहिला भोवरा, पुढे नवीचं नाव. त्याच्याच खाली वेगळी ओळ होती. ‘हं’, आणि पुढे आमच्या हिचं नाव, आडनावासकट. लेकीनं ते मोठ्यांदा वाचलं. ही म्हणाली, ‘वेडे आहेत झालं.’ घरी येईपर्यंत आणखी दोनदा तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक गेली. मी दुकानात एका जुन्या खुर्चीची पाठ उघडून बसलो होतो, तोंडात चार खिळे. ही मागून पिशवी घेऊन आली, पाव संपला होता. फोमच्या तुकड्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेली. मी मान वर केली नाही. आता दार नुसतं लागायची सवय झाली होती.

दार लागलं नाही. ती उंबऱ्यात थांबली होती. त्या खालच्या, जाडसर, तिच्या एकटीच्या आवाजात ती म्हणाली, ‘आलेच हं.’

लो नव्हता. ले होता. तो पोरगा गेला होता घरातून, आणि दारात पिशवी घेऊन माझी बायको उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

‘ये हं,’ मी म्हटलं.